मीरकॅटचं पिल्लू राखणीला कसं तयार होतं, हे बघायचं असेल तर

आधी एक सवय मोडा. मीरकॅट म्हणजे मुंगसाच्या कुळातला, टोळीने राहणारा छोटा प्राणी; त्यातल्या मागच्या पायांवर ताठ उभ्या असलेल्या राखणदाराकडे बघत बसू नका. फोटोत तोच असतो, म्हणून नजर तिथेच जाते. मीही पहिले चार दिवस हेच केलं. दक्षिण आफ्रिकेतल्या नॉर्दर्न केप प्रांतात, कालाहारीच्या वाळूत, माणसांना सरावलेल्या एका टोळीमागे मी पावसाचा एक हंगाम फिरले. पाचव्या सकाळी धोक्याचा इशारा झाला, सगळे गडप झाले आणि माझी वही कोरीच राहिली. त्या क्षणी पिल्लं कुठे होती, हे मी बघितलंच नव्हतं.

तेव्हा नजर ठेवायची ती खाली, पिल्लांवर.

सूर्य उगवायच्या आत बिळापाशी पोचा. थोडं दूर, सावली बिळावर पडणार नाही असं बसा. सळसळणारं जाकीट घालू नका. आकाशात बोट दाखवणं तर अजिबात नको. पिल्लं जन्मल्यावर साधारण तीन आठवड्यांनी बाहेर येतात आणि महिन्याची झाली की टोळीबरोबर खाणं शोधायला निघतात. त्याआधी टोळी लांब जाते तेव्हा त्यांच्यापाशी एखादा मोठा मागे राहतो, बहुतेक वेळा दिवसभर उपाशी. जायचंच असेल तर पिल्लं टोळीबरोबर निघण्याच्या सुमारास जा. बघण्यासारखं सगळं तिथून सुरू होतं.

मग डोळे मिटून दहा मिनिटं नुसतं ऐका. पिल्लांची खाण्यासाठीची किरकिर अखंड चालते, ती आधी वेगळी काढा. तिच्याखाली मोठ्यांचा हळू, एकमेकांना धरून राहण्याचा आवाज असतो. वर चढलेल्या राखणदाराचेही हलके, पुन्हा पुन्हा येणारे स्वर असतात: मी आहे, तुम्ही उकरत राहा. हे स्वर चालू असले की खालचे निवांत खातात.

त्या किरकिरीला मी आधी नुसता गोंगाट समजत होते. पण पिल्लाचं वय वाढतं तसा तिचा सूर बदलतो आणि मोठे त्या सुरावरून ठरवतात की विंचू कसा द्यायचा. लहानाला मेलेला, जरा मोठ्याला नांगी तोडलेला, त्याहून मोठ्याला जिवंत. कालाहारीतल्या कुरुमान नदीकाठी 1993पासून चाललेल्या अभ्यासात संशोधकांनी वेगळ्या वयाच्या पिल्लांच्या किरकिरीची नुसती ध्वनिमुद्रणं ऐकवली, तर समोर तीच पिल्लं असूनही मोठ्यांनी सुराप्रमाणे विंचू दिले. हे 2006मध्ये छापून आलं. म्हणून वहीत पिल्लाचं वय आणि त्याला मिळालेला घास, दोन्ही लिहा.

आता इशारे. शिकारी पक्ष्यासाठी एक, कोल्ह्यासारख्या जमिनीवरच्या शत्रूसाठी दुसरा, नागासाठी तिसरा. पहिल्याला मोठे वर बघतात किंवा जवळच्या बिळाकडे धावतात, दुसऱ्याला एकत्र गोळा होतात, तिसऱ्याला शेपट्या उभारून थेट नागाकडे जातात. धोका जितका जवळ, आवाज तितका खरखरीत. फरक पहिल्या दिवशी कळणार नाही. आवाजामागे लागू नका, अंग बघा.

इशारा झाला की दोनच गोष्टी टिपा: पिल्लू हललं कधी आणि गेलं कुठे. लहान पिल्लू मोठ्यांपेक्षा जरा उशिरा हलतं आणि कुठलाही इशारा असो, आसरा गाठायला बघतं. इशाऱ्यातला फरक ओळखून वागणं नंतर येतं. शेजारी मोठा असेल तर मात्र त्याचं वागणं लवकर सुधारतं. म्हणून तिसरा रकाना हवाच: शेजारी कोण होतं?

पिल्लू स्वतः इशारा देऊ लागतं तेव्हा हसू आवरा. निरुपद्रवी पक्ष्यालाही ते ओरडतं. आमच्यातलं एक कबुतर उडालं तरी बोंब मारायचं आणि मोठे क्षणभर वर बघून पुन्हा उकरायला लागायचे. आवाज त्याला बरोबर काढता यायचा, चुकायचं ते कोणासाठी काढायचा हे. प्राणिसंग्रहालयात जन्मलेली मीरकॅटही, गरुडाशी कधी गाठ न पडता, हेच इशारे देतात.

खऱ्या पहाऱ्यासाठी थांबावं लागतं. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू झुडपावर चढतं, पण सहसा खेळ म्हणून. माझे आजोबा बार्शीकडे ज्वारीच्या राखणीला माळ्यावर बसायचे, गोफण घेऊन, आणि पाळी ठरलेली असायची. मीरकॅटमध्ये पाळी नसते. ज्याचं पोट भरलं तो वर चढतो. उकडलेलं अंडं खाऊ घातलेले मीरकॅट जास्त पहारा देतात, हे 1999मध्ये प्रयोगाने दाखवलं गेलं. तेव्हा आत्ताच मोठा विंचू कोणी खाल्ला ते लक्षात ठेवा, थोड्या वेळाने वर बहुधा तोच दिसेल.

एक फसवणूकही माहीत असू द्या. आपल्या कोतवालाचा तिकडचा भाऊबंद, दुभंगलेल्या शेपटीचा काळा पक्षी, खोटा इशारा देतो आणि मीरकॅट पळाले की टाकलेला किडा उचलतो. इशारा झाला आणि आकाश रिकामं दिसलं, तर जवळच्या फांदीवर बघा.

तिकिटं काढण्याआधी महिनाभर सराव करा, सातभाईंवर. तेही टोळीने जमिनीवर पानं उलटतात आणि त्यांच्यातला एक वर बसून असतो. वर कोण बसलं, किती वेळ, कोणाच्या ओरडण्यावर कोण उडालं, हे रोज सकाळी अर्धा तास लिहा. सातभाईंचं पिल्लू ओळखायला दुर्बीण थेट त्याच्या डोळ्यांवर रोखा: मोठ्या सातभाईंचे डोळे फिके असतात, पिल्लांचे गडद.