दीर्घिकांच्या सिम्युलेशनवर प्रोजेक्ट करताय? या चुका टाळा

आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या तालुक्याच्या कॉलेजात एम.एस्सी.ची पोरं हल्ली प्रोजेक्टला इलस्ट्रिस टीएनजी घेतात, म्हणजे कॉम्प्युटरवर विश्व आणि त्यातल्या दीर्घिका घडवणारं सिम्युलेशन. सुपरकॉम्प्युटर चालला जर्मनीत, स्टुटगार्टला. पण 2018 च्या डिसेंबरपासून डेटा सगळ्यांना खुला आहे.

पहिली चूक उत्साहाची: अख्खा स्नॅपशॉट, म्हणजे सिम्युलेशनमधल्या एका क्षणाचा सगळा डेटा, उतरवायला घेणं. टीएनजी100 (यातलं मधल्या आकाराचं सिम्युलेशन) चा एकच स्नॅपशॉट दीड टेराबाइटच्या वर जातो, आणि इथे दुपारी लाइन गेली की संध्याकाळीच येते. नुसता ग्रुप कॅटलॉग, म्हणजे दीर्घिकांची तयार यादी, घ्या, किंवा हवी ती दीर्घिका तेवढी कापून घ्या. त्यांच्या सर्व्हरवर ज्युपिटर नोटबुकही मिळतं, म्हणजे ब्राउझरमधूनच तिथे कोड चालवता येतो. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर भागतं.

खरी माती होते ती एककांत. सातबाऱ्यावर हेक्टर, पारावर एकर, तसंच हे. फाइलमध्ये वस्तुमान 1 दिसलं तर ते एक हजार कोटी सूर्यांइतकं नव्हे. त्याला अजून h ने (विश्वाच्या प्रसरणाचा वेग सांगणारा आकडा), म्हणजे 0.6774 ने, भागायचं असतं. विसरलात की दीर्घिका सुमारे एक तृतीयांश हलकी होते. अंतरांनाही हाच h लागतो, शिवाय ती सहगामी असतात, म्हणजे आजच्या विश्वाच्या मापापर्यंत ताणून लिहिलेली. स्नॅपशॉट 33 म्हणजे रेडशिफ्ट 2, अंतरं आजच्या एक तृतीयांश होती तो काळ. तिथे आणखी 3 ने भागा. आमच्या एका पोरीनं ‘जुन्या दीर्घिका एवढ्या पसरट कशा?’ म्हणून दोन दिवस डोकं धरलं होतं, ते याच 3 पायी. आणि हो, आजचं विश्व 99 नंबरला आहे, 0 ला नाही.

ताऱ्यांच्या यादीत, म्हणजे पार्टटाइप 4 मध्ये, वाऱ्याचे, म्हणजे दीर्घिकेतून बाहेर फेकल्या जाणाऱ्या वायूचे, कणही मिसळलेले असतात. जन्मवेळ शून्य किंवा ऋण दिसली की तो कण गाळा. सबहेलोफ्लॅग (गोळा खरी दीर्घिका आहे का, हे सांगणारी खूण) 0 असलेले गोळेही सोडा, ते बहुधा खऱ्या दीर्घिका नसतात.

टीएनजी100 मध्ये ताऱ्यांचा एक कण साधारण 14 लाख सूर्यांचा. 10 कोटी सूर्यांची दीर्घिका म्हणजे जेमतेम सत्तर कण. त्यावरून तबकडीचा आकार सांगणं म्हणजे पाच बोंडं पाहून वावराचा उतारा सांगणं. छोट्या दीर्घिकाच हव्या असतील तर याहून बारीक कणांचं टीएनजी50 घ्या.

शेवटची चूक प्रबंधातली. तारे जन्मणं, कृष्णविवरांनी वायू हाकलणं, हे कणांहून बारीक स्तरावर घडतं, म्हणून ते सूत्रांनी बसवलेलं असतं. आणि ती सूत्रं जुळवताना आजच्या दीर्घिकांची वस्तुमानानुसार संख्या समोर ठेवली होती. तोच आलेख जुळला म्हणून ‘सिद्ध झाले’ लिहू नका. व्हायव्हाला बाहेरून आलेले सर पहिलं बोट तिथेच ठेवतात.