पुण्याहून सॅन फ्रान्सिस्को: हवाई अंतर आणि प्रवासाचा खरा वेळ कसा काढावा

मुलगा किंवा मुलगी कॅलिफोर्नियात आहे अशी घरे पुण्यात गल्लोगल्ली सापडतील. आई-बाबांचे तिकीट काढताना मात्र बहुतेक जण नुसते भाडे पाहतात. साठी-सत्तरीच्या माणसांना पाठवायचे तर आधी अंतर आणि वेळ स्वतः काढून पाहावा.

1. अंतर पृथ्वीच्या गोलावर मोजा. सपाट नकाशा इथे फसवतो. मुलांचा पृथ्वीगोल घ्या आणि पुणे ते सॅन फ्रान्सिस्को दोरा ताणून धरा. दोरा ना युरोपवरून जातो, ना जपानवरून. तो सरळ उत्तरेला चढतो, सायबेरिया ओलांडतो, सुमारे 75 अंश अक्षांशापर्यंत पोचतो आणि अलास्कावरून खाली उतरतो. हाच सर्वांत जवळचा मार्ग, साधारण 13,540 किलोमीटर. नेमका आकडा हवा असेल तर ग्रेट सर्कल मॅपर या संकेतस्थळावर दोन्ही विमानतळांचे कोड टाका. लोहगावचा पीएनक्यू, तिकडचा एसएफओ.

2. विमान कुठे बदलायचे ते तपासा. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच. पुणे–दिल्ली सुमारे 1,160 किलोमीटर आणि दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को 12,380. बेरीज केली तर थेट अंतराएवढीच येते, कारण दिल्ली त्या दोऱ्याखालीच आहे. दुबईमार्गे हेच अंतर 2,050 अधिक 13,040, म्हणजे दीड हजार किलोमीटरचा वळसा. मुंबईहून जाणार असाल तर टॅक्सीचे चार तास धरा. पावसाळ्यात किंवा शनिवार-रविवारी घाटासाठी आणखी.

3. उड्डाणाचे तास काढा. लांबच्या उड्डाणासाठी किलोमीटरला 850 ने भागा आणि अर्धा तास मिळवा. दिल्लीहून 15 तास येतात.

हा अंदाज वाऱ्यामुळे बदलतो. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. ऑक्टोबर 2016 मध्ये एअर इंडियाने दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून नेले. मार्ग सुमारे 1,400 किलोमीटरने लांबला, तरी पाठीवरच्या वाऱ्यामुळे 15,300 किलोमीटर साडेचौदा तासांत पार पडले. हवाई हद्दी बंद झाल्या तरी वळसा पडतो. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली तेव्हा उत्तर भारतातून पश्चिमेला जाणारी उड्डाणे लांबली. म्हणून शेवटी तिकिटावरचीच वेळ धरा, पण ती आपल्या आकड्यापेक्षा फारच जास्त असेल तर कारण शोधा.

4. थांबा मिळवा. दिल्लीत टर्मिनल, इमिग्रेशन आणि सुरक्षा तपासणी लक्षात घेता ज्येष्ठांसाठी चार तासांहून कमी ठेवू नये. दोन तासांची जोडणी स्वस्त दिसली तरी घेऊ नका. व्हीलचेअर तिकीट काढतानाच नोंदवा.

5. घड्याळ जुळवा. सॅन फ्रान्सिस्को आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेबारा तास मागे आणि हिवाळ्यात साडेतेरा. मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिथली घड्याळे बदलतात. समजा, उन्हाळ्यात लोहगावहून शनिवारी रात्री 10 ला निघून एकूण 22 तास लागले, तर तिथे रविवारी सकाळी साडेसात वाजलेले असतील. परतीला हेच तास मिळवायचे: शनिवारी संध्याकाळी 6 ला तिथून निघालेली माणसे पुण्यात सोमवारी पहाटे साडेचारला उतरतील, तेव्हा गाडी रविवारची सांगू नका.