एनबीएच्या फ्री एजंटला किती पैसे द्यायचे, हे कसे ठरवावे

दरवर्षी ३० जूनला न्यूयॉर्कच्या घड्याळात संध्याकाळचे ६ वाजले, की एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगचे संघ दुसऱ्या संघांतल्या करार संपलेल्या खेळाडूंशी, म्हणजे फ्री एजंटांशी, बोलू शकतात. इथे आयपीएलसारखा लिलाव नसतो. समोरच्याची बोली दिसत नाही, एजंट सांगतो त्यावर विश्वास ठेवावा लागतो आणि उत्तर कधीकधी तासाभरात द्यावे लागते. म्हणून दोन आकडे आधीच ठरलेले हवेत: हा खेळाडू आपल्याला किती मोलाचा, आणि कुठल्या आकड्याला आपण उठून जायचे.

१. आधी आपली वही तपासा

२०२५-२६ च्या हंगामासाठी सॅलरी कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगारांची मर्यादा, १५.४६ कोटी डॉलर होती. लक्झरी टॅक्सची रेषा, जिच्या वरच्या पगारावर दंड भरावा लागतो, १८.७९ कोटी होती. त्याहून वर ‘एप्रन’ नावाच्या, आणखी कडक बंधने आणणाऱ्या दोन रेषा: पहिला एप्रन १९.५९ कोटी आणि दुसरा २०.७८ कोटी. कॅप ओलांडता येते, पण ठरावीक वाटांनीच. खेळाडू सलग तीन हंगाम तुमच्याकडे असेल तर ‘बर्ड राइट्स’ मिळतात. मग कॅपच्या वर जाऊनही त्याला नियमातल्या कमाल पगारापर्यंत देता येते. बाहेरच्या खेळाडूसाठी कॅपखाली मोकळी जागा लागते. ती नसेल तर मिड-लेव्हल एक्सेप्शन, म्हणजे कॅपमधली ठरावीक रकमेची सूट, वापरायचे: त्या वर्षी १.४१ कोटी, जास्तीत जास्त ४ वर्षे. ते पूर्ण वापरले की पहिला एप्रन त्या हंगामापुरता भिंत होतो, काही झाले तरी ओलांडता येत नाही. दुसऱ्या एप्रनच्या वर असाल तर बाहेरच्या फ्री एजंटला किमान पगारापलीकडे काहीच देता येत नाही.

ही पायरी गाळली तर पुढचे सगळे गणित वाया जाते. ब्रूस ब्राऊनचेच बघा. २०२३ मध्ये तो डेन्व्हरकडून विजेता ठरला. पण तो तिथे एकच हंगाम होता, म्हणून डेन्व्हरला त्याला सुमारे ७८ लाखांपलीकडे देताच येत नव्हते. इंडियानाकडे मोकळी जागा होती. त्यांनी २ वर्षांचे ४.५ कोटी दिले आणि दुसरे वर्ष चालू ठेवायचे की नाही हे स्वतःच्या हातात ठेवले. सामन्याला सरासरी ११.५ गुण करणाऱ्यासाठी हा आकडा फार वाटतो. पण जानेवारी २०२४ मध्ये पास्कल सियाकमला दुसऱ्या संघातून अदलाबदलीत आणताना दोन्ही बाजूंचे पगार जुळवायला हाच करार उपयोगी पडला. एकाच खेळाडूचे मोल दोन संघांच्या वहीत इतके वेगळे असू शकते.

टॅक्सही पगारातच धरा. गेल्या चारपैकी तीन हंगामांत टॅक्स भरलेला संघ रेषेवर उभा असेल आणि त्याने ५० लाखांचा खेळाडू घेतला, तर वर १.५ कोटी टॅक्स लागतो. म्हणजे तो खेळाडू २ कोटींना पडला.

२. पुढच्या हंगामाचा अंदाज बांधा

पैसे मागच्या कामगिरीचे नसतात, पुढच्या कामगिरीचे असतात. मोठ्या चुका सगळ्यात जास्त इथेच होतात, कारण करार संपायच्या वर्षी चांगला खेळ झाला की तोच डोळ्यांसमोर राहतो. निदान तीन हंगाम घ्या आणि ताज्या हंगामाला जास्त वजन द्या, उदाहरणार्थ ३:२:१. गुणांची सरासरी बाजूला ठेवून बॉक्स प्लस-मायनस, म्हणजे बीपीएम, पाहा: दर १०० पझेशनमागे (चेंडू ताब्यात असण्याची एक पाळी म्हणजे एक पझेशन) हा खेळाडू संघाला सरासरी खेळाडूपेक्षा किती गुण जास्त मिळवून देतो, याचा तो अंदाज असतो. बचाव त्यात नीट उतरत नाही. बचावासाठी सामन्यांचे व्हिडिओच बघावे लागतात.

थ्री-पॉइंटरच्या टक्केवारीपासून सावध राहा. हंगामात २०० फेकी घेणारा खेळाडू ३५ टक्क्यांवरून ४० वर गेला, तर फरक फक्त १० बास्केटचा असतो, आणि तेवढा निव्वळ नशिबानेही पडतो. त्याने फेकायची पद्धत बदलली आहे का, फ्री थ्रो सुधारले आहेत का, हे पाहिल्याशिवाय त्या १० बास्केटचे पैसे देऊ नका.

३. खेळाचे जिंकलेल्या सामन्यांत, सामन्यांचे डॉलरमध्ये रूपांतर

किमान पगारावर सहज मिळणाऱ्या खेळाडूचा बीपीएम साधारण उणे २ धरतात. असे पाच जण कोर्टवर असले तर संघ सामन्याला १० गुणांनी मागे राहील. सरासरी फरकातला एक गुण हंगामात सुमारे २.७ विजयांइतका असतो. सरासरी संघ ८२ पैकी ४१ सामने जिंकतो, म्हणजे असा संघ ४१ वजा २७, सुमारे १४ सामने जिंकेल. आता संघ सरासरी १७.५ कोटी खर्च करतो असे धरा. किमान पगाराचे १५ खेळाडू सुमारे ३.५ कोटींत येतात. उरलेल्या १४ कोटींत वरचे २७ विजय विकत घेतले जातात: एका विजयाला साधारण ५२ लाख.

एक खेळाडू घेऊ. वय २८, बीपीएम अधिक १, सामन्याला २८ मिनिटे, ७० सामने.

किमान पातळीपेक्षा सरस: १ + २ = ३
मिनिटांचा वाटा (सामना ४८ मिनिटांचा): २८ ÷ ४८ = ०.५८
सामन्यांचा वाटा: ७० ÷ ८२ = ०.८५
विजय: ३ × ०.५८ × ०.८५ × २.७ = सुमारे ४
किंमत: ४ × ५२ लाख = सुमारे २.१ कोटी

सामने ७० ऐवजी ५५ धरले, तर हाच आकडा १.६५ कोटींवर येतो. दुखापतीचा इतिहास म्हणजे हिशेबातले ४५ लाख आहेत, म्हणून वैद्यकीय कागद वाचल्याशिवाय सामन्यांचा आकडा लिहू नका.

४. वय करारावर पसरून बघा

दुसऱ्या संघातून येणाऱ्याला वर्षाला जास्तीत जास्त ५ टक्के वाढ देता येते, तीही पहिल्या वर्षाच्या पगारावर. म्हणजे २.१ कोटींपासून सुरू होणारा ४ वर्षांचा करार ९.०३ कोटींचा होतो. बर्ड राइट्स असतील तर वाढ ८ टक्क्यांपर्यंत जाते. आता तोच खेळ, पण वय ३२ समजा. बीपीएम दरवर्षी अर्ध्या गुणाने घसरेल आणि विजयाचा भाव ७ टक्क्यांनी वाढेल असे धरले, तर चार वर्षांचे मोल २.१०, १.८७, १.६० आणि १.२८ कोटी येते. बेरीज ६.८५ कोटी. पहिल्या वर्षी अगदी रास्त वाटणारा करार शेवटी २ कोटींहून जास्त महाग पडला.

फिलाडेल्फियाने २०२४ मध्ये ३४ वर्षांच्या पॉल जॉर्जला ४ वर्षांचे सुमारे २१.२ कोटी दिले. आधीच्या हंगामात तो ७४ सामने खेळला होता, पुढच्या हंगामात ४१. त्या वयाच्या खेळाडूला ७० सामने धरायचेच असतील, तर ते पहिल्याच वर्षी धरा.

५. डॉलरऐवजी कॅपची टक्केवारी लिहा

२.१ कोटी म्हणजे १५.४६ कोटींचे १३.६ टक्के. कॅप दरवर्षी ७ टक्क्यांनी वाढली, तर ५ टक्के वाढ असलेला करार चौथ्या वर्षी १२.८ टक्क्यांवर येतो. तरुण खेळाडूचा लांब करार म्हणून स्वस्त होत जातो. जुन्या करारांशी तुलना करतानाही टक्केवारीच वापरा. लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या सध्याच्या करारानुसार कॅप वर्षाला १० टक्क्यांपेक्षा जास्त वाढू शकत नाही. २०१६ मध्ये अशी मर्यादा नव्हती आणि ती ७ कोटींवरून ९.४१ कोटींवर गेली.

६. समोर किती जण आहेत?

मोल २.१ कोटी निघाले म्हणून तेवढे द्यायचे नसतात. कोणत्या संघांकडे कॅपखाली मोकळी जागा आहे आणि त्यांना असा खेळाडू हवा आहे का, हे लिहून काढा. कोणाकडेच जागा नसेल, तर त्याचा दुसरा सर्वांत चांगला पर्याय १.४१ कोटींचे मिड-लेव्हल आहे. बोलणी त्याच्या थोडी वर सुरू करा.

७. आकडा जुळल्यावर करार कसा मांडायचा

एकूण रक्कम तीच ठेवून वर्षे बदलता येतात. २०२२ मध्ये न्यूयॉर्कने जेलन ब्रन्सनला ४ वर्षांचे १०.४ कोटी दिले, पण उतरत्या क्रमाने: पहिल्या वर्षी २.७७ कोटी, तिसऱ्या वर्षी २.५ कोटी. आज कॅपखाली जागा आहे आणि पुढे नसणार, असे असेल तर हीच मांडणी घ्या. शेवटच्या वर्षाचा निर्णय खेळाडूच्या हातात द्यायचा असेल, तर तेवढी रक्कम कमी करून मागा, कारण वाईट वर्ष गेले की तो राहतो आणि चांगले गेले की जातो. निर्णय तुमच्या हातात असेल तर वार्षिक पगार थोडा वाढवायला हरकत नाही.

शेवटी चौथे वर्ष फसले तर सुटका कशी, हे सहीपूर्वी मोजा. खेळाडूला सोडले की उरलेली रक्कम, उरलेल्या वर्षांच्या दुप्पट अधिक एक, इतक्या वर्षांवर पसरता येते. लेकर्सने २०१६ मध्ये ३१ वर्षांच्या लुओल डेंगला ४ वर्षांचे ७.२ कोटी दिले. तो त्यांच्याकडून ५७ सामने खेळला. २०१८ मध्ये त्याला सोडले, तेव्हा शेवटच्या वर्षाची रक्कम तीन वर्षांवर पसरली. डेंग २०१९ मध्ये निवृत्त झाला, तरी २०२१-२२ पर्यंत लेकर्सच्या कॅपमधून दरवर्षी त्याच्या नावे ५० लाख जात राहिले.