टॉर्चमध्ये दुसऱ्या जातीचा सेल घालण्याआधी चार्जर बघा

गोव्यातल्या वाळपईच्या बाजारात टॉर्चचा सेल मागितला की काउंटरवर एकाच मापाचे निळे, हिरवे, जांभळे असे तीन-चार सेल येतात आणि "कुठलाही घ्या, बसतो" असं उत्तर मिळतं. बसतो हे खरं आहे. पण बसला म्हणजे चालला असं नाही, आणि आज चालला तरी उद्या चार्ज करताना काय होईल ते रंग बघून कळत नाही. सेलची जात, म्हणजे आतलं रसायन, बदलायची असेल तर आधी चार्जर बघायचा, मग टॉर्च, आणि एमएएचचा, म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचा, आकडा सगळ्यात शेवटी. लोक नेमकं उलटं करतात, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

मी कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, सांभाळते. आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकले, त्यामुळे वाड्यावरचे हेडलॅम्प, इमर्जन्सी लाईट, सोलरचे कंदील दुरुस्तीला आमच्याच पडवीत येतात. पावसात लाईट कधी जाईल सांगता येत नाही, आणि रात्री पाण्याच्या वाटेवर कुठे पाय पडतो हे दिसणं ही आमच्याकडे चैन नाही. टॉर्च दगा देतो तो बहुतेक वेळा सेलमुळे.

आधी मापाचं बोलू. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, आणि शेवटचं शून्य म्हणजे गोल नळीचा. हा आकडा फक्त आकार सांगतो. आत कुठलं रसायन आहे ते वेष्टनावरच्या अक्षरांत असतं. आयसीआर लिहिलं असेल तर कोबाल्ट, आयएमआर म्हणजे मँगनीज, आयएनआर म्हणजे निकेलचं मिश्रण. या तिन्हींना आपण सरसकट लिथियम आयन म्हणतो. पूर्ण भरल्यावर ते ४.२ व्होल्टवर जातात, सरासरी ३.६ ते ३.७ वर चालतात. आयएफआर म्हणजे लोह फॉस्फेट. तोही लिथियमचाच, पण घर वेगळं. तो ३.६५ व्होल्टला भरतो आणि ३.२ वर चालतो. अक्षरंच नसतील तर तो सेल मी घेत नाही.

हा अर्ध्या व्होल्टचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, चार्जरसाठी तो किरकोळ नाही. बाजारातल्या बहुतेक हेडलॅम्पना पाठीमागे चार्जिंगचं भोक असतं आणि आत नखाएवढी चिप असते. टीपी४०५६ ही त्यातली फार प्रचलित. ती ४.२ व्होल्टलाच थांबते, तिला दुसरं काही येत नाही. त्यात तुम्ही लोह फॉस्फेटचा सेल घातला तर टॉर्च पेटेल, उजेडही बरा पडेल, आणि वायर लावल्यावर चिप त्या सेलला ३.६५ च्या पुढे ढकलत राहील. सेल लगेच पेट घेणार नाही. या जातीचं ते एक मोठं बलस्थान आहे. पण आतला द्रव कुजत जाईल, सेल दमेल, फुगेल, आणि "हे नवीन सेल टिकत नाहीत" असं म्हणून तुम्ही तो फेकाल. म्हणून लोह फॉस्फेट वापरायचा तर तो बाहेर काढून वेगळ्या चार्जरवर भरायचा, ज्यावर ३.६ आणि ४.२ असा बदल करायची सोय आहे. टॉर्चचं भोक टेप लावून बंद करा. घरातलं दुसरं कुणीतरी सवयीने वायर खुपसतंच.

उलट बाजूने भीती कमी आहे. ४.२ चा सेल चुकून ३.६ वर भरला तर तो अर्धवट भरतो, एवढंच.

आता इमर्जन्सी लाईटचं, कारण सगळ्यात धोक्याची अदलाबदल तिथे होते. जुन्या इमर्जन्सी लाईटमध्ये ४ व्होल्टची शिशाची सीलबंद बॅटरी असते. ती पावसाळाभर वापरून दिवाळीनंतर कोपऱ्यात रिकामी पडून राहिली की मरते, कारण शिशाच्या बॅटरीला रिकामं राहणं सोसत नाही. मग कुणीतरी सांगतं, चार व्होल्टच आहे ना, लिथियमचा सेल जोडून टाक. आमच्या भावजींनी असाच एक लाईट कुठूनतरी करून आणला होता. मी त्याच्या चार्जिंगच्या तारांना मल्टिमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावून दाखवला, काटा ४.८ च्या वर. शिशाच्या बॅटरीला तेवढं लागतंच. पण लिथियम आयनला ४.२ च्या पुढे नेणं म्हणजे आग लावायची तयारी. तो लाईट रात्रभर भिंतीला चार्जिंगला टांगलेला असतो आणि खाली घरची माणसं झोपलेली असतात. शिशाच्या जागी शिशाच घाला, किंवा आतला चार्जिंगचा भागच बदलून घ्या. मधला रस्ता नाही.

टॉर्चकडे या. एलईडी एकच असेल आणि सेलही एकच असेल, तर बहुतेक स्वस्त टॉर्चमध्ये साधा ड्रायव्हर, म्हणजे एलईडीला जाणारा करंट सांभाळणारा भाग असतो, जो सेलचा जास्तीचा व्होल्टेज उष्णतेत घालवतो. पांढऱ्या एलईडीला ३ व्होल्टच्या आसपास लागतात. लोह फॉस्फेटचा ३.२ त्याला जेमतेम पुरतो, म्हणून सगळ्यात प्रखर उजेड थोडा उतरतो, पण मधला आणि मंद उजेड छान चालतो, ड्रायव्हरही कमी तापतो. आणि एक गोष्ट मला फार आवडते. हा सेल जवळजवळ शेवटपर्यंत ३.२ च्या आसपास टिकून राहतो, त्यामुळे उजेड हळूहळू मेल्यासारखा होत नाही. तोटाही त्यातच आहे. शेवट येतो तो एकदम येतो, आणि मल्टिमीटर लावून सेल किती भरलाय हे सांगता येत नाही. रात्री रानात जाताना खिशात दुसरा भरलेला सेल हवाच.

काही टॉर्चमध्ये सेल ३ व्होल्टच्या खाली जाऊ नये म्हणून आपोआप उजेड कमी होतो. तिथे लोह फॉस्फेट घातला तर सेलमध्ये जीव असतानाच टॉर्च लुकलुकायला लागेल. तो टॉर्च बिघडलेला नसतो, तो लिथियम आयनसाठी बनवलेला असतो. त्यात तोच वापरा.

मागे डबी असलेले दोन सेलचे हेडलॅम्प काजूच्या दिवसांत पुष्कळ दिसतात. त्या डबीत सेल बहुधा शेजारी-शेजारी, प्लसला प्लस असे जोडलेले असतात. तिथे एक जुना आणि एक नवा सेलही मी घालू देत नाही, मग दोन जातींचं नावच नको. ४.२ व्होल्टला भरलेला सेल ३.२ च्या शेजारी बसला की पहिला दुसऱ्यात बेलगाम करंट ओततो. बटण बंद असलं तरी. दोन्ही एकाच जातीचे, एकाच वेळी घेतलेले, आणि घालण्याआधी दोघांचा व्होल्टेज मोजून सारखा असलेले हवेत.

पेन्सिल सेलचे टॉर्च असतील तर प्रश्न सोपा होतो. नेहमीचा अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा, निकेल मेटल हायड्राइडचा रिचार्जेबल १.२ चा. तीन सेलच्या टॉर्चमध्ये ४.५ ऐवजी ३.६ मिळतात. उजेड थोडा कमी वाटतो, पण नुकसान काही नाही. चार्ज धरून ठेवणारे निकेलचे सेल २००५ पासून बाजारात आहेत, आणि घरात टांगून ठेवायच्या टॉर्चला माझ्या मते तेच सगळ्यात निर्धास्त. अल्कलाइन सेल आमच्या दमट हवेत विसरलात तर पाझरतो, स्प्रिंगवर पांढरा खर जमतो. तो अल्कली असतो, म्हणून कापसाच्या बोळ्यावर स्वयंपाकघरातलं व्हिनेगर घेऊन पुसा, मग ओलसर फडक्याने, मग कोरडं करा. फक्त एक सांभाळा. पेन्सिल सेलच्याच मापाचा १४५०० नावाचा लिथियम सेल मिळतो. तो ३.७ व्होल्टचा. दीड व्होल्टच्या टॉर्चमध्ये तो नीट बसतो आणि एलईडी जाळतो.

सेल हातात आल्यावर मी काय बघते ते सांगते. आधी वेष्टन. सेलचा खालचा भाग आणि बाजूची सगळी नळी मायनस असते. प्लस म्हणजे फक्त वरची टिकली. टिकली आणि नळीची कड यांच्यात एक पातळ कागदी चकती आणि वेष्टनाची दुमडलेली कड, एवढाच आडोसा. त्या कडेवरून नख फिरवा. नख अडकलं, पापुद्रा उचलला गेला, खाली चांदीसारखा पत्रा दिसला, की सेल टॉर्चमध्ये घालायचा नाही. त्या ठिकाणी टॉर्चच्या धातूचा नुसता स्पर्श झाला तरी शॉर्ट होतो. सेल शाबूत असेल तर नवीन वेष्टन मिळतं, ते चढवून घ्या. खिशात किल्ल्या-नाण्यांबरोबर सुटा सेल कधीच नको. प्लास्टिकच्या डबीत ठेवा.

मग वजन. चांगला लिथियम आयन १८६५० पंचेचाळीस ग्रॅमच्या आसपास किंवा थोडा वर भरतो, लोह फॉस्फेटचा थोडा हलका. सोनाराकडे किंवा मसाल्याच्या दुकानात बारीक काटा असतो, तिथे ठेवून बघा. वेष्टनावर ९९०० एमएएच लिहिलेला सेल तीस ग्रॅमचा निघाला तर आत काय असेल ते समजा. नावाजलेल्या कंपनीचा या मापाचा लिथियम आयन सेल साधारण २५०० ते ३५०० एमएएचचा असतो, लोह फॉस्फेट १५०० ते १८०० चा. म्हणजे लोह फॉस्फेट घेतल्यावर टॉर्च साधारण अर्धाच वेळ चालेल, हे मान्य करूनच घ्यायचं. बदल्यात तो दोन हजारांच्या आसपास वेळा भरता येतो आणि तापला तरी सहज भडकत नाही.

मग मीटर. वीस व्होल्टच्या खुणेवर ठेवून मोजा. लिथियम आयन २.५ च्या खाली गेला असेल तर तो परत भरून वापरू नका. आतलं तांबं विरघळून नंतर आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो, आणि तो बाहेरून दिसत नाही.

किनाऱ्यावर पर्यटकांनी टाकलेल्या ई-सिगारेटमधले सेल काढून मुलं टॉर्चला जोडतात, असं मोरजीकडच्या नातेवाइकांकडून ऐकते. ई-सिगारेट विकणं, साठवणं हे २०१९ च्या कायद्याने देशभर बंद आहे, पण वाळूत त्या सापडतात. त्यातला सेल बहुधा उघडा असतो, जास्त चार्ज झाला किंवा शॉर्ट झाला तर करंट तोडणारी संरक्षक पट्टी त्याच्यावर नसते. खाऱ्या पाण्यात पडून राहिलेला तर हातही लावू नये. मुलांना हे समजावून सांगा, रागावू नका. त्यांची जिज्ञासा चांगलीच आहे, तिला चांगला सेल द्या.

मग कुठे काय घालायचं? माझं मत असं. रात्री कुळागरात तासन्‌तास फिरायचं असेल, टॉर्च रोज हाताळला जात असेल, तर चांगला लिथियम आयन. गाडीच्या डिकीत, पत्र्याच्या पंपाच्या खोलीत, काजूच्या मांगरात (बागेतल्या खोपटात) पडून राहणाऱ्या टॉर्चला लोह फॉस्फेट. एप्रिलमध्ये उन्हात उभ्या गाडीत हात ठेववत नाही, आणि पूर्ण भरलेला लिथियम आयन सेल उष्णतेत लवकर म्हातारा होतो. देवघराजवळ टांगलेल्या, वर्षातून चार वेळा लागणाऱ्या टॉर्चला निकेलचा पेन्सिल सेल.

पहिल्यांदा जात बदलली की पहिलं चार्जिंग दिवसा, जागेपणी करा. चार्जर फरशीवर किंवा चिऱ्यावर ठेवा. सोडणांचा (नारळाच्या सालींचा) ढीग, काजूची पोती, गादी यांच्यापासून लांब. अधूनमधून सेलला हात लावा. कोमट ठीक, धरवत नसेल तर वायर काढा. टॉर्चही पहिल्यांदा मंद उजेडावर चालवून डोकं आणि नळी किती तापते ते बघा, मग प्रखर. सेल फुसफुसला, वास आला, धूर दिसला, तर तो उचलायला जाऊ नका. धूर विषारी असतो. माणसं बाहेर काढा, मेन स्विच बंद करा, आणि लांबून भरपूर पाणी ओता.

मेलेल्या सेलच्या दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून वेगळ्या बरणीत ठेवा. पंचायतीच्या सुक्या कचऱ्यात टाकला तर गाडीत दाबला जाऊन तिथे पेटू शकतो. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनी जुन्या बॅटऱ्या परत गोळा करायची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे, म्हणून नवीन सेल घेताना जुना परत घेणार का, हे दुकानदाराला विचाराच. आम्ही वाड्यावरचे सगळे सेल एकाच बरणीत जमवतो आणि ई-कचरा गोळा करायला गाडी येते तेव्हा देऊन टाकतो.