रहस्यकादंबरीकाराने सही करण्यापूर्वी

मराठीत रहस्यकादंबऱ्या लिहून चरितार्थ चालतो का, असे नवे लेखक विचारतात, तेव्हा केवळ छापील पुस्तकाच्या मानधनावर तो चालत नाही, असेच मला सांगावे लागते. बाबूराव अर्नाळकरांनी हजारांहून अधिक रहस्यकथा लिहिल्या, परंतु झुंजार आणि काळापहाड या त्यांच्या नायकांना घरोघरी पोहोचवणारी वाचनालये आता फारशी उरलेली नाहीत. त्यामुळे नोकरी सोडण्याची घाई करू नका. धागेदोरे कुठे पेरावेत, संशय कुणावर वळवावा, हे वाचता-वाचता तुम्ही शिकला असालच; मला बोलायचे आहे ते कराराविषयी.

माझ्या पहिल्या कादंबरीच्या करारात ‘सर्व माध्यमांतील हक्क कायमस्वरूपी प्रकाशकाकडे’ असे एक वाक्य होते. पुढे ऑडिओबुकसाठी विचारणा झाली, तेव्हा होकार किंवा नकार देण्याचा अधिकार माझ्याकडे उरलेला नव्हता, आणि ते मला आजही सलते. 1957 च्या कॉपीराइट कायद्यातील 19 वे कलम खरे तर लेखकाच्या बाजूचे आहे. हक्कांचे हस्तांतरण लेखी आणि सहीनिशीच व्हावे लागते; मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरते हक्क दिले असे मानले जाते, आणि घेतलेले हक्क वर्षभरात वापरले नाहीत तर, करारात वेगळे काही नमूद नसल्यास, ते प्रकाशकाकडून सुटतात. मात्र ‘कायमस्वरूपी’ हा एकच शब्द पाच वर्षांची ती मर्यादा निरुपयोगी करतो. म्हणून छापील पुस्तक, ऑडिओबुक, अनुवाद आणि चित्रपट किंवा वेबमालिका यांचे हक्क वेगवेगळे लिहून घ्या आणि प्रत्येकापुढे मुदत घाला.

हे हक्क दीर्घकाळ टिकणारे असतात. सुहास शिरवळकर 2003 मध्ये गेले आणि त्यांच्या ‘दुनियादारी’वरचा चित्रपट 2013 मध्ये आला. आपल्याकडे लेखकाच्या निधनानंतरही 60 वर्षे कॉपीराइट कायम राहतो.

‘पहिल्या पुस्तकाला अटी घालू नयेत’ असा सल्ला देणाऱ्या ज्येष्ठांचा आदर राखा, पण तो सल्ला मुळीच मानू नका. स्वखर्चाने पुस्तक काढून नाव होईल, या आशेवरही माझा विश्वास नाही. तरीही घाबरून जाऊ नका. पुढच्या पुस्तकाच्या वेळी मी ते वाक्य खोडण्याची विनंती केली आणि प्रकाशकांनी ती विनातक्रार मान्य केली.