एक कोंबडा, एक घुबड: नवरा-बायकोच्या झोपेचं गणित कसं जुळवायचं

आमच्याकडे मी साडेदहाला आडवा आणि बायकोचं डोकं खरं चालायला लागतं अकरानंतर, लग्नानंतरची पहिली दोन वर्षं रोज ह्याच्यावरूनच खटके, मी म्हणायचो आळशी आहेस, ती म्हणायची म्हातारा झालास तू. मग वाचायला घेतलं तेव्हा कळलं की ह्यातलं बरंचसं रक्तातच असतं. शरीरातलं घड्याळ चालवणारे जीन्स शोधले म्हणून तिघांना २०१७ चं नोबेल मिळालंय, आणि सीआरवाय१ नावाच्या जीनमधे एक ठराविक बदल असेल तर माणसाचं घड्याळ दोन-अडीच तास मागेच पडतं, मारा कितीही टोमणे.

तर आधी दोघांचं खरं घड्याळ शोधा. मोठ्या सुट्टीत गजर न लावता झोपायचं, पहिले दोन दिवस सोडून द्यायचे (साचलेली झोप निघते), पुढचे पाच-सहा दिवस कधी डोळा लागला कधी जाग आली ते लिहायचं आणि त्याचा मध्य काढायचा. १ ते ९ झोपलात तर मध्य ५. दोघांच्या मध्यात जेवढं अंतर तेवढंच खरं भांडण, बाकीचं उगाच.

पण सगळं जीन्सवर ढकलू नका हां! २०१९ च्या एका अभ्यासात जवळपास सात लाख लोकांचा डेटा होता, डीएनएमधे ३५१ जागा सापडल्या, तरी सगळ्यात जास्त 'पहाटवाले' जीन्स असलेले ५ टक्के आणि सगळ्यात कमी असलेले ५ टक्के ह्यांच्या झोपेच्या वेळेत फरक किती, तर २५ मिनिटं. बाकी वय, उजेड आणि मोबाईल. म्हणून घुबडाने उठल्याउठल्या चहा गॅलरीत उन्हात घ्यायचा, रात्री ट्यूबलाइट लवकर बंद. कोंबड्याने संध्याकाळी उजेड असताना फिरून यायचं.

कामं पण तशीच वाटा. दूध, डबे, पोरांची बस कोंबड्याकडे. विरजण, भांडी, गॅस, कडी-कुलूप घुबडाकडे. आणि सून उशिरा उठते असं कोणी म्हटलं तर उत्तर नवऱ्याने द्यायचं, तिने नाही.

ईएमआय, सासर-माहेर असले विषय फक्त सात ते नऊ, दोघं जागे असताना. आणि उशिरा झोपणाऱ्याने आपले रात्रीचे कपडे आधीच बाहेर काढून ठेवायचे, बारा वाजता टॉर्च लावून कपाट उघडायचं नाही, आमचं ते कपाट फार करकरतं.