गालावरची चमक आणि ठाण्याचा घाम

मे महिन्यात नौपाड्यात चुलत बहिणीचं लग्न. मी हौसेने क्रीम हायलायटर, म्हणजे गालावर चमक आणणारा मेकअप, लावला, तोही कॉम्पॅक्ट पावडरवरून. अर्ध्या तासात गालावर चट्टे, आणि काकू म्हणते, "अगं, तोंडाला तेल लावून आलीस का?"

चूक क्रीमची नव्हती, क्रमाची होती. क्रीममध्ये तेल, मेण असतं. कोरड्या पावडरवर चोळलं की खालचा थर उचकटतो. पावडर हायलायटर पावडरवर नीट बसतो, पण नुसता तोच लावला की माझी कोरडी त्वचा भुरकट दिसते.

आता फाउंडेशन ओलसर असतानाच मुगाच्या दाण्याएवढं क्रीम घेते आणि गालाच्या हाडावर बोटाने थोपटते. चोळायचं नाही! मग कपाळ, नाक, हनुवटीला तेवढी पावडर. घामाचा दिवस असेल तर क्रीमवर पावडर हायलायटरचा एकच हलका हात. तो बारीक दळलेला हवा. जाड चमकीचा घेतला तर आपण गणपतीचं मखर. रंग सोनेरी. चंदेरी माझ्या सावळ्या गालांवर राखेसारखा दिसला होता.

परवा साखरपुड्याला तलावपाळीवरून चालत गेले, घामाघूम. काकूने निरखून पाहिलं. "फेशियल केलंस वाटतं?"